बॅटरीकाकांचा जिना

माझ्या थोरल्या काकांना सगळी गल्ली बॅटरीकाका म्हणायची. ते एका थिएटरात डोअरकीपर होते. सिनेमा सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांची तिकिटं बघायची आणि बॅटरीचा झोत जमिनीवर टाकत त्यांना खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे त्यांचं काम. इतकी वर्षं तिथं काढली, पण एकही सिनेमा त्यांनी सलग पाहिला नव्हता. सगळं लक्ष पावलांवर. कुणाची चप्पल घसरतेय, कुणाला पायरीचा अंदाज येत नाहीये, कुणाच्या कडेवर पेंगुळलेलं मूल आहे. "मी माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त बघितलेत," असं म्हणायचे.

त्या नोकरीतला एक क्षण मात्र त्यांना फार आवडायचा. दिवे मालवतात तो. फटकन नाही, हळूहळू. भिंतींचा रंग विरत जायचा, बोलणी कुजबुजीवर यायची, मग कुजबुजही थांबायची. "सगळं थिएटर मिळून एक मोठा श्वास सोडतं बघ," ते सांगायचे, आणि सांगतानाही त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

थिएटर बंद पडलं आणि काका घरी बसले. घर लहानसं. खाली स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, आणि मधे दोन भिंतींत चेपलेला, अर्ध्यात वळणारा जिना. वळणावर एक ट्यूब. लावली की डोळ्यांत खुपायची, मालवली की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकूंना तो पांढरा झगझगाट सोसेना, म्हणून त्या ट्यूब न लावताच भिंत चाचपत उतरायच्या. एका संध्याकाळी जिना संपला असं समजून त्यांनी पाऊल टाकलं. एक पायरी शिल्लक होती. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून दोघं घरी आली. काका म्हणाले, "परक्या माणसांना जन्मभर अंधारातून सांभाळून नेलं मी. आणि तू माझ्याच घरात पडलीस."

"मग आता मलाही न्या की," काकू म्हणाल्या. "फक्त तिकीट मागू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी काका दिव्यांच्या दुकानातून एलईडीची पट्टी घेऊन आले. फितीसारखी, मागून चिकटणारी, खुणेवर कापता येणारी. प्रत्येक पायरीची कड जराशी पुढे आलेली होती. तिच्याखाली पट्टी लपवायची, म्हणजे दिवा दिसणार नाही, नुसता उजेड खालच्या पायरीवर सांडेल, असा बेत. भिंतीतली वीज पट्टीला झेपेल इतकी कमी करायला एक अडॅप्टर आणला, आणि उजेड कमी-जास्त करायला माळ्यावर पडलेला बल्बचा जुना डिमर अडॅप्टरच्या आधी जोडला.

बटण दाबलं आणि उजेड फडफडून सगळा जिना थरथरायला लागला. अडॅप्टर गांधीलमाशीसारखा घोंघावत होता.

"अहो, ताप भरलाय तुमच्या जिन्याला," काकू खालून म्हणाल्या.

काका मान खाली घालून परत दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी समजावलं, "काका, हा डिमर जुन्या बल्बांसाठी. तुम्हाला पट्टीचा वेगळा घ्यावा लागेल, आणि तो अडॅप्टर आणि पट्टीच्या मधे बसवायचा."

तसा बसवला. थरथर थांबली, पण काकूंचं समाधान होईना. "छान आहे हो. फक्त डॉक्टर कधी येणार ते सांगा." उजेड निळसर पांढरा होता, दवाखान्यातल्यासारखा. शिवाय पट्टीतला एकेक ठिपका वेगळा टोचत होता. काकांनी सगळ्या पट्ट्या उचकटल्या. मग पिवळसर उजेडाच्या आणल्या आणि दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवल्या. आता ठिपके एकमेकांत मिसळून सायीसारखे पसरले.

त्या दिवसांत काकांना एकच स्वप्न पडायचं. जिना वळणावर न संपता वर वर जातोय, छतातून पार, आणि प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी बसलंय. चेहरे दिसत नाहीत, पण पाय ओळखीचे. कुणीही त्यांना जागा विचारत नाही. ते आपले रिकाम्या हातांनी वर चढताहेत. सकाळी चहा पिताना ते हे सांगायचे, आणि काकू विचारायच्या, "आणि मी कितव्या पायरीवर होते?"

एक अडचण राहिलीच होती. सगळ्या पट्ट्या एकीला एक जोडल्यामुळे वरपर्यंत वीज क्षीण होत जायची. खालच्या पायऱ्या लख्ख आणि वरच्या धुक्यात गेल्यासारख्या.

"राहू द्या ना असंच. किती छान दिसतंय," काकू म्हणाल्या.

"छान दिसतं तिथंच माणूस पडतो," काका म्हणाले, आणि भिंतीच्या कडेने दुसरी वायर थेट वरच्या पट्ट्यांपर्यंत नेली.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी मी तिथंच होते. खिडकीबाहेरचं आभाळ राखाडी होत होतं. काकू वर होत्या. काकांनी घरातले बाकीचे दिवे मालवले आणि डिमरचं बटण सावकाश फिरवलं. आधी भिंतीवर नुसती चाहूल लागली. मग पायऱ्यांखालून उजेड झिरपायला लागला, आणि पायऱ्या भिंतींपासून सुटून हवेत एकाखाली एक तरंगताहेत असं वाटलं. मी बोलत होते ते कधी थांबले, मला कळलंच नाही.

वळणावर काकूंची पावलं दिसली. भिंतीला हात न लावता त्या उतरत होत्या. काका खाली उभे, नजर त्यांच्या पायांवर. शेवटच्या पायरीपाशी काकांचा हात सवयीने पुढे झाला.

"दिसतेय हो मला," काकू म्हणाल्या. तरी हात धरलाच.

मग उतरायचं सोडून त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि काकांनाही त्यांनी शेजारी ओढलं. जिना अरुंद, दोघं कशीबशी मावली. स्वयंपाक राहिला तसाच. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तर बाहेरून दोघांचं हळू आवाजातलं बोलणं येत होतं. कशाबद्दल ते काही कळलं नाही.

काकूंचं मनगट जरा वाकडंच जुळलं, थंडीत ठणकतं. पण आता संध्याकाळ झाली की त्या आपणहून बटण फिरवतात. काकांना उजेड जरा जास्त लागतो, काकूंना कमी. जाता-येता दोघंही ते आपल्या बाजूला थोडं फिरवून ठेवतात, आणि त्यावरून घरात रोज कुरकुर चालते.