कमी पडलेली चाळीस खोकी

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला लागले तेव्हा मला पाढे पाचापर्यंत येत होते, तेही ओळीनं म्हटले तर. मधूनच कुणी "पाच साती किती?" विचारलं की मी पाच एके पाचपासून सुरू करायचे. दुसरीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी बसवलं, तिथंच माझं गणितही बसलं. त्याचा मला राग होता. आजही आहे.

आमच्या लाइनीत आम्ही चौघी. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, पट्टी चिकटवायची आणि खोकं पुढं सरकवायचं. ती खोकी उचलून भिंतीशी थप्पी लावायचं काम एका वयस्क हमालाचं. त्यांना सगळे चाचा म्हणत. पाळी सुटताना स्टोअरचा कारकून यायचा, थप्पीकडं बघायचा, कागदावर आकडा टाकायचा. तो टाकेल तो आकडा खरा.

दुसऱ्या महिन्यात त्यानं आमचा आकडा दोनदा कमी लावला. दुसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. "मोजून दाखवा," मी म्हणाले. "तुम्हीच मोजा की," तो म्हणाला. मी एकेक खोकं बोटानं मोजत गेले, पण आतली दिसेनात, मागची हाताला लागेनात, आणि साठाच्या पुढं माझा आकडाच हरवला. शेजारच्या लाइनीतल्या बाया हसल्या. तेव्हा खोकी खरंच कमी होती की नाही, देव जाणे. सुपरवायझर साहेबांनी मात्र बजावलं, "आणखी एकदा कमी भरली तर अख्खी लाइन बदलीन." आमच्यातल्या दोघींच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. त्या माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू आकडा मीच हरवला.

चाचा पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला थप्पीच्या पहिल्या थरापाशी उभं केलं. "कितने?"

मी समोरून मोजली, आठ. बाजूनं मोजली, सहा. आणि मग शहाणपणा केला. "कोपऱ्यातलं खोकं दोन्हीकडून मोजलं गेलं, चाचा. एक कमी करा. आठ नाय, सात धरा."

चाचा हसले नाहीत. त्यांनी समोरच्या रांगेवरून हात फिरवला. "ये एक कतार. इसमें आठ." मग बाजूच्या खोक्यांवर एकेक टिचकी मारत गेले. "ये खोके नक्को समझ, बेटी. ये मुंड्यां हैं. हर कतार की एक मुंडी. मुंड्यां गिन."

मी मुंड्या मोजत गेले आणि एकदम लख्ख कळलं. समोरून मी खोकी मोजली होती. बाजूनं खोकी मोजतच नव्हते, रांगा मोजत होते! कोपऱ्यातलं एकदा खोकं म्हणून मोजलं आणि एकदा रांगेची मुंडी म्हणून. कमी काही करायचं नव्हतं. आठ, सहा वेळा. शाळेत मी जे पाढे गाण्यासारखे घोकले होते, त्यांच्या आत असं काही असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मला रडू आलं आणि हसूही.

मग मी उजळणीचं पुस्तक विकत आणलं. पुंडलिकनगरच्या आमच्या खोलीत भाकरी थापताना आठाचा पाढा, धुणं बडवताना सहाचा. शेजारीण म्हणाली, "बाईला वेड लागलं का काय?" म्हटलं, "व्हय, लागलं." कारखान्यात चाचा पुटपुटायचे, "आठ छक्के अडतालीस," आणि मी उत्तर द्यायचे, "आठ सक अठ्ठेचाळीस." असे पाच थर. अठ्ठेचाळीस पाचदा मोठं वाटायचं, तर चाचा म्हणाले, पन्नास धर, अडीचशे होतील, मग हर थराचे दोन काढून टाक. दोनशे चाळीस. रोज पाळी सुटायच्या आधी हा आकडा माझ्या तोंडात तयार असायचा.

एका संध्याकाळी ट्रक दारात उभा होता. कारकून आला, थप्पी बघितली आणि म्हणाला, "दोनशे. चाळीस कमी." साहेब जवळच होते. आमच्यातली मोठी बाई मटकन खालीच बसली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो चाळीस माझ्या डोक्यात अडकला. चाळीस. आठ पंचे चाळीस. लांबीची आठ, उंचीची पाच. म्हणजे खोक्यांची एक अख्खी उभी भिंत!

"साहेब," मी म्हणाले, "खोकी इकडंतिकडं गेली असती तर सात गेली असती, अकरा गेली असती. बरोब्बर एक भिंत कशी जाईल? थप्पी पुरी हाय. यांनी रांगा पाचच मोजल्यात."

"मी काय आजच मोजतोय का?" कारकून म्हणाला. "बाजूनं पाच दिसतात, पाच."

"दिसणारच. रोज थप्पी मोकळ्या भिंतीशी असते, आज खांबाला खेटून लावलीय. सहावी मुंडी खांबाआड हाय. थप्पी मोडू नका. स्टूल घ्या आन् वरून बघा."

 साहेबांनी खरंच स्टूल ओढलं, चढले आणि वरच्या थरावर समोरून भिंतीपर्यंत बोट नेत मोठ्यांदा मोजू लागले. पाच म्हटल्यावर त्यांचं बोट आणखी पुढं सरकलं.

"सहा," ते म्हणाले.

खाली बसलेली बाई उठली आणि तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. चाचा खोक्यांना टेकून उभे होते, मिशीत हसत.

"खोडा तो आकडा," साहेब कारकुनाला म्हणाले. त्यानं खोडला, पेन कागदावर टेकवलं आणि मान वर न करता मला विचारलं, "किती लिहू?"

"दोनशे चाळीस," मी म्हणाले. एकदा सांगून भागलं असतं. मी दोनदा सांगितलं.