परुळेकरकाकूंची भिंत

कुणाच्याही घरी गेल्या की परुळेकरकाकू बसायच्या आधी भिंतीला हात लावायच्या. ताप बघायला कपाळावर ठेवावा तसा, सगळा तळवा टेकवून. मग तो हात उलटा करून घरच्या माणसाला दाखवायच्या. आमच्या सोसायटीत तो बहुतेक पांढराच निघायचा. "बघ, तुझं घर माझ्या हाताला लागलं," असं म्हणत त्या तो पदराला पुसायच्या आणि मगच चहाचा कप घ्यायच्या. लोकांना याचा राग यायचा. मलाही यायचा.

मुलुंड पूर्वेची आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, हे मी माझं लग्न झालं तेव्हापासून ऐकतोय. माझा मुलगा आता कॉलेजात जातो. बिल्डर आले, नकाशे दाखवून गेले. या आशेवर कुणी घराला रंग काढला नाही. पाडायचीच आहे तर रंगवायची कशाला? पोपडे झाडून टाकायचे, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, डाग वाढला की कॅलेंडर मोठं लावायचं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. हे शहाणपण लोकांना शिकवण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

काकू माझ्या घराच्या थेट वरच्या घरात राहायच्या. एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, तिथूनच निवृत्त झालेल्या. काका दम्याने खाटेला खिळलेले. खाट मागच्या खोलीत, आणि मागची भिंत पावसाळ्यात फुगायची. खोली कोरडी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून काकूंनी ती रंगवून घेतली. दिवाळीला भिंत झकास दिसली. पुढच्या श्रावणात तिचे पोपडे काकांच्या पांघरुणावर पडायला लागले. पुढच्या वर्षी काकांना बाहेरच्या खोलीत हलवून, नाकाला टॉवेल बांधून काकूंनी स्वतः भिंत घासली, भेगांत लांबी भरली, वर रंगाचे हात दिले. पुन्हा तेच. शेवटी एका रंगाऱ्याने बाहेर डोकावून सांगितलं की बाहेरचा गिलावा फुटलाय, तो केल्याशिवाय आतला रंग टिकणार नाही.

बाहेरची भिंत सोसायटीची. म्हणून काकू कमिटीच्या मीटिंगला आल्या. खर्च माझा, मला फक्त हो म्हणा, एवढंच त्यांचं मागणं होतं. चेअरमननी त्यांना शांतपणे समजावलं. इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट व्हायचं होतं. ती धोकादायक ठरली तर काम पुढे सरकणार होतं. अशा वेळी कुणी मागची बाजू नीट करून ठेवली तर ऑडिटवाला काय लिहील?

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या नवऱ्याच्या उशाशी ओल राहिली तर तुमचा फ्लॅट मोठा होणार," त्या म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "दिलीप, तू सांग ना रे. तुझी आईपण त्याच भिंतीला झोपते."

मी म्हणालो, काकू, जरा थांबा, प्रश्न सगळ्यांचा आहे.

रागावल्या की काकू मालवणीवर यायच्या. "माका थांबाक काय जाता रे? ह्यांच्या दम्याक सांग थांबाक." आणि त्या उठून गेल्या.

आजही हे लिहिताना माझा संताप होतो. आम्ही सगळी शिकलेली, हप्ते वेळेवर भरणारी, वाढदिवसाला एकमेकांना केक भरवणारी माणसं. आणि आम्ही इमारत आणखी सडण्याची वाट बघत बसलो होतो. आत माणसं राहतात, हे माहीत असताना.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मागच्या बाजूला बांबू बांधल्याचा आवाज आला. मी धावत खाली गेलो. परांची उभी राहत होती आणि काकू खिडकीतून कामगारांना सूचना देत होत्या. काकू, परवानगी? मी खालून विचारलं.

"दे ना. मी कुठे नको म्हणते?"

चेअरमननी पोलिसांना बोलावतो म्हणून सांगितलं. काकूंनी किती जण येतील ते विचारलं, त्या हिशेबाने चहा ठेवायचा होता. आठवडाभरात गिलावा झाला, तो वाळला, त्यावर फिकट पिवळा रंग बसला. काळ्या पडलेल्या भिंतीवर तेवढाच एक पिवळा चौकोन.

कमिटीला तो बघवेना. ऑडिट होईपर्यंत तो भाग खरवडून टाकू, अशी सूचना आली, आणि ते काकूंना सांगायला मला पाठवलं. मी वर गेलो, काकूंनी दार उघडलं. काका पडल्या पडल्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. बोलायला त्यांना श्वास पुरायचा नाही, तरी म्हणाले, "दिलीप, हात लाव."

मी लावला. तळवा कोरडा, स्वच्छ निघाला. निरोप माझ्या तोंडून बाहेर पडेना. खाली येऊन मी कमिटीला सांगितलं की काकू घरी नव्हत्या. खरवडणं चूक आहे, एवढं चार शब्दांत सांगायची हिंमतही माझ्यात नव्हती. मग ते काम आपोआप मागे पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. दमा भिंतीने बरा होत नाही. पण गिलाव्याआधीच्या पावसाळ्यांत ते रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायचे. "शेवटचा पावसाळा ते आडवे झोपले," काकू सांगायच्या, एखादीने मुलाचे मार्क सांगावेत तशा. आणि ऑडिटवाला? तो जिन्यातून वर गेला, गच्ची बघून खाली उतरला. मागच्या बाजूला फिरकलासुद्धा नाही. बिल्डरही नंतर भलत्याच कारणाने निघून गेला.

गेल्या महिन्यात काकू घर बंद करून गावी भावाकडे निघाल्या. जायच्या दिवशी आईचा निरोप घ्यायला आल्या. आईच्या खाटेशी बसायच्या आधी त्यांनी कॅलेंडर बाजूला सारलं आणि भिंतीला हात टेकवला. तो पांढरा निघाला, ओला पांढरा. त्यांनी पदराकडे पाहिलं. प्रवासाची साडी होती, नवी. मग त्यांनी तो हात माझ्या शर्टाला पुसला, छातीवर, सावकाश, प्रत्येक बोट.

"आता हे तुझं," त्या म्हणाल्या.

आई या भिंतीबद्दल मला कधी अवाक्षर बोलली नव्हती. पडल्या पडल्याच म्हणाली, "बरं केलंस गं."

संध्याकाळी मीटिंग होती. मी त्याच शर्टावर गेलो. नवा बिल्डर येतोय म्हणून सगळे खुशीत होते. मी सांगितलं की सोमवारी माझ्या मागच्या भिंतीला बांबू लागताहेत. चेअरमननी चष्मा काढला. आणि परवानगी?

"द्या ना," मी म्हणालो. "मी कुठे नको म्हणतो?"