तुटक रेघ

अकोल्यात अब्दुल गफ्फार यांचे चष्म्याचे दुकान होते. नजर तपासून काच बसवून देण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता; पण काही गिऱ्हाइके अशी येत की कोणतीही काच लावा, दिवेलागणीनंतर त्यांना समोरची भिंत दिसत नसे. अशांना ते पाठीवर हात ठेवून परत पाठवीत. "इसका इलाज काच में नहीं, भैया," एवढेच म्हणत. शेजारी बसून काचा पुसणाऱ्या लेकीने, सबीहाने, एकदा विचारले, "तो फिर किसमें है, अब्बा?" अब्बांना उत्तर ठाऊक नव्हते. सबीहा आज बावन्न वर्षांची आहे, अमरावतीच्या एका महाविद्यालयात जनुकशास्त्र शिकवते, आणि त्या एका प्रश्नावर तिची तीस वर्षे गेली आहेत.

उत्तराचा अर्धा भाग तिला लवकर सापडला. पेशी दोन तऱ्हांनी मरते. भाजली, चिरडली, उपाशी राहिली तर मरते, तो अपघात. दुसरे मरण तिच्या आतच लिहून ठेवलेले असते. योग्य वेळी आले तर ते शरीराचे भलेच करते: गर्भातल्या बाळाची बोटे सुटी होतात, ती मधल्या पेशी अशा शिस्तीने मरतात म्हणून. पण एखाद्या जनुकात बिघाड असला की डोळ्याच्या पडद्यावरच्या धडधाकट पेशींना तोच हुकूम अवेळी सुटतो. आधी अंधारात पाहणाऱ्या पेशी जातात, मग उजेडात पाहणाऱ्या. सबीहा ज्या रोगाच्या मागे होती त्यात हा बिघाड आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आंधळे होते. एकाकडूनच आला तर मूल डोळस राहते आणि बिघाड मुकाट पुढे नेते; असे मूल वाहक. म्हणून या कामात सूक्ष्मदर्शकाइतकीच किंमत वंशवृक्षाला. कोण कोणाचा हे चुकले की पुढचे सारे चुकले.

हे वाक्य ती दरवर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना सांगत आली. आणि तेच तिच्या हातून चुकले.

दर्यापूरजवळच्या एका गावात चंद्रभान आणि दुर्गाबाई यांचे घर आहे. दुर्गाबाई चंद्रभानच्या सख्ख्या मामाची मुलगी. हे नाते आपल्याकडे हक्काने होते. थोरला सहदेव आणि मधली माया यांची नजर लहानपणापासून उतरत जाऊन विशीत पुरती गेली. धाकटा गजेंद्र मात्र ठणठणीत. बारा वर्षांपूर्वी सबीहाने या घरातल्या सर्वांचे रक्त घेतले, दुर्गाबाईंच्या ओट्यावर बसून वंशवृक्ष काढला आणि नमुने एका महानगरातल्या संस्थेकडे पाठवले, कारण यंत्रे तिथे होती. निघताना तिने शब्द दिला, "माय, जे निघेल ते मी स्वतः येऊन सांगीन."

तीन महिन्यांनी कागद आला. 'गजेंद्र: पित्याशी रक्त जुळत नाही. पितृत्व संशयास्पद. कुटुंबाने दिलेली माहिती अविश्वसनीय. घराणे अभ्यासातून वगळले.' खाली संस्थेच्या प्रमुखांची सही होती. सबीहाने शेजारी आपली केली. उरलेल्या नऊ घराण्यांवरचा शोधनिबंध परदेशात छापून आला. लेखकांत तिचे नाव तिसरे होते. दुर्गाबाईंचे पाप आपण पोटात घातले, असे ती स्वतःला समजावत राहिली. वर्षाकाठी एकदा त्या घरी जाई, चहा घेई, "तपास चालू आहे" म्हणे, आणि म्हातारीच्या नजरेला नजर देत नसे.

या मार्चमध्ये तिला निरोप मिळाला: गावातच दिलेल्या मायाचा मुलगा अंकुर आणि गजेंद्रची मुलगी आरती यांची सोयरीक ठरली, अंकुरला मामाचीच पोरगी. सबीहा त्याच दिवशी दर्यापूरला पोचली आणि जीपमध्ये कोंबून घेऊन गावात उतरली.

"माय, हे लग्न थांबव," ती ओट्यावर बसण्याआधीच म्हणाली. "मायाचा बिघाड अंकुरच्या अंगात आहेच. आरतीच्याही असला तर लेकरांचे डोळे जातील."

दुर्गाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अवो बाई, तुले काहून येवढा घोर लागला? तुले म्हून सांगून राहिली. गजेंद्र माह्या पोटचा नाई."

"मग कोणाचा?"

"सुंदराबाईचा. माह्या पाठच्या बहिनीचा. माह्या दोनी लेकरायले दिसेनासं झालं, तवा तिनं आपला तिसरा पोरगा माह्या ओटीत घातला. म्हने, 'अक्का, घरात एक तरी पाहनारा पाह्यजे, यायचा हात धराले.' ओटीत घेतलेल्या लेकराले परकं म्हनू नाई, म्हून कोनी म्हनत नाई. साऱ्या गावाले ठावं हाये. गजेंद्रलेबी. रक्तच येगळं, मंग भेव कायचं?"

सबीहा ओट्याच्या कडेला टेकली. रक्त वेगळे नव्हते. सुंदराबाई म्हणजे दुर्गाबाईंची सख्खी बहीण. जो बिघाड एकीत, तो दुसरीतही असू शकत होता. आणि साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट फक्त कागदाला ठाऊक नव्हती, कारण कागदाने विचारलीच नव्हती.

अमरावतीला परतून तिने जुनी फाइल काढली. चंद्रभानशी गजेंद्रचे रक्त चार ठिकाणी जुळत नव्हते. दुर्गाबाईंशीही एका ठिकाणी जुळत नव्हते. आईकडची ती एक विसंगती संस्थेने यंत्राची चूक म्हणून सोडून दिली होती. बापाकडच्या चारांना मात्र कोणीही यंत्राची चूक म्हटले नाही. ते बाईचे चारित्र्य ठरले. वंशवृक्षात दुसऱ्याच्या ओटीत गेलेल्या मुलासाठी खूण असते, तुटक रेघ. सबीहा ती दरवर्षी फळ्यावर काढते. तिचा स्वतःचा धाकटा भाऊ नईम चाळिसाव्या दिवशी निपुत्रिक मावशीच्या, बिल्कीस खालाच्या, मांडीवर दिला गेला होता. जिच्या घरी तुटक रेघ ईदला जेवायला येत होती, तिने ओट्यावर बसून एक प्रश्न विचारला नाही. शिकलेल्या लोकांनी सही केलेल्या कागदापुढे आपले सारे शहाणपण गहाण टाकले. तिला स्वतःच्या हाताची चीड आली.

तिने प्रमुखांना फोन लावला.

"मॅडम, बारा वर्षांनी हे कशाला उकरता?" ते म्हणाले. "फार तर एक तळटीप देऊ."

"तळटीप? सर, आपण एका बाईला बदफैली ठरवलं आणि तिच्या घराला वाऱ्यावर सोडलं."

"नाव कुठे छापलंय? ती थोडीच वाचणार आहे!"

"ती वाचू शकत नाही, म्हणूनच आपली हिंमत झाली."

"भावनिक होऊ नका. शिवाय सहभागी लोकांना निष्कर्ष कळवायचे नाहीत, हा संस्थेचा नियम आहे."

"रक्त त्यांचं, डोळे त्यांचे, आणि निष्कर्ष तुमचा? ऐका. त्या निबंधावरचं माझं नाव मी मागे घेते आणि कारण छापायला पाठवते. नाहीतर चूक तुम्ही जाहीर करा आणि या घराचं रक्त वीस दिवसांत वाचून द्या."

 मग ते म्हणाले, "नमुने पाठवा. चूकही छापू."

नमुने घ्यायला ती गेली तेव्हा सुया बाहेर काढण्याआधी तिने तो जुना कागद ओट्यावर ठेवला आणि काय लिहिले आहे ते शब्द न गाळता सांगितले. आपली सहीही दाखवली. चंद्रभान खाली बघत राहिले. गजेंद्र उठून उभा राहिला. दुर्गाबाईंनी हातानेच त्याला बसवले.

"बारा वर्सं," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं माह्या हातचा चहा पेली तू. अन् मनात हे धरून बसली होती?"

"हो, माय."

"इचारलं काहून नाई?"

"लाज वाटली."

"कायची लाज? माही का तुही?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "माह्या बहिनीनं पोटचा गोळा देला, अन् तुमी शिकल्या-सवरल्या लोकायनं त्याचं शेन केलं! शेजारीन असं बोलली असती तं मी तिच्या दारात जाऊन भांडली असती. तुमच्या दाराले तं पायरीच नाई." त्यांनी बाही वर सारली. "काढ रक्त. पन या खेपेले कागद पयले मले वाचून दाखवजो, मंग साऱ्या जगाले."

अहवाल विसाव्या दिवशी आला. सबीहाने तो त्याच ओट्यावर वाचला: गजेंद्र वाहक; अंकुर वाहक; आरती वाहक. दोघांचे लग्न झाले तर दर बाळंतपणी चारांतला एक धोका, आंधळे मूल होण्याचा.

"चारातला एक म्हंजे तीन तं चांगले ना?" अंकुर म्हणाला. "पाहून घेऊ नशीब."

आरतीने त्याच्याकडे पाहिले नाही. "मायाआत्याच्या ताटात भाजी कोनत्या बाजूले, भाकर कोनत्या बाजूले, हे मी सात वर्साची असतानापासून तिचा हात धरून दाखवून राहिली. तिच्यासाठी जलमभर दाखवीन. पन जानूनबुजून अजून एक ताट लावाले मी तयार नाई. अंकुर, तू मले भाऊच बरा."

अंकुर काही बोलणार होता. आतल्या दारापाशी बसलेल्या मायाने आवाजाच्या रोखाने मान वळवली. "बरोबर बोलून राहिली पोर. मी तिची सासू झाली असती, तरी हेच म्हनली असती."

सोयरीक मोडली. दुर्गाबाईंनी वंशवृक्षाचा नवा कागद मागितला आणि गजेंद्र कुठे ते विचारले. सबीहाने त्यांचे बोट धरून आधी सुंदराबाईंच्या खुणेवर ठेवले, मग तिथून गजेंद्रपर्यंत नेले आणि गजेंद्रपासून दुर्गाबाईंपर्यंत आलेल्या तुटक रेघेवरून हळूहळू फिरवले.

"अन् तो जुना कागद?"

"फाडून टाकू, माय?"

"नाई. तुह्या कॉलेजातल्या पोरायले दाखव. खाली तुही सही हाये तेबी दाखव."

तिने मान हलवली आणि पिशवी आवरली. शेवटची जीप सुटायला अजून तासभर होता. चहाचे त्या दिवशी कोणी विचारले नाही.