शेवंताच्या गाडग्यांवरच्या खुणा

डोणगावच्या बाजारात दोडके विकत बसलो होतो, तेव्हा शेजाऱ्याचा फोन आला. "घरी या," एवढंच म्हणे. काऊन, ते सांगायची हिंमत नव्हती त्याच्यात. जानेफळच्या गाडीत बसल्यावर माझं मीच समजून घेतलं... शेवंता गेली, माझी बायको. तेव्हापासून जो येतो तो मले "सावरा" म्हणून सांगते. चहा पिते, निघून जाते. कप मले धुवा लागतात.

मी चौथी शिकलेला माणूस. पेपरात लिहायचं माझं काम नाही. पण तिच्या तेराव्याले जे झालं ते डोक्यातून जाऊन नाही राह्यलं, म्हणून लिहितो.

शेवंता भाज्यांचं बी राखेत घोळून गाडग्यात भरे आणि तोंड शेणमातीनं लिंपे. लग्न होऊन आली तेव्हा लिंपण ओलं असतानाच, आत जे असे त्याचंच एक बी वरून दाबून ठेवे. वालाच्या गाडग्यावर वाल. कोणालेही कळे. पण उंदरं ते बी उकरत आणि लिंपणही फोडत. मग ती नखानं नुसता आकार काढू लागली. वालाले वाकडी कोर, दोडक्याले त्याच्या शिरा. वर्षं गेली तशी घाईघाईत कोरीची एक तिरपी रेघ झाली, शिरांच्या दोन. ते तिले कळे, मले नाही. एकदा वाल म्हणून चवळी पेरून आलो, तर म्हणे, "देवानं डोळे तुमाले फक्त बाजारातल्या बाया पाहायले देल्ले काय?" मी म्हणलं, "तुह्या रेघोट्या तूच वाच बाई."

मागच्या हिवाळ्यात ती आजारी होती, भिंतीले टेकून गाडगी भरे. पाहतो तर लिंपणावर पुन्हा खरं बी दाबलेलं. एकूणएक गाडग्यावर. मी तापलो. "काऊन वं, अक्कल गेली काय तुही? उंदरं फोडतीन सारं." ती म्हणे, "मांजर पाळा मंग." आणि पुढचं गाडगं लिंपाले घेतलं. मी पुन्हा विचारलं नाही.

तेराव्याले तिच्या बहिणीचा पोरगा आला. पुण्याच्या कॉलेजात शिकवते. जेवून उठला आणि फळीवरच्या गाडग्यांचे फोटो काढाले लागला, जुन्यांचेही आणि नव्यांचेही. जितेपणी मावशीचा फोटो कधी काढला नाही यानं. म्हणे, "काका, माणूस लिहायला असाच शिकला. हजारो वर्षांपूर्वी इराककडे लोक मातीच्या पोकळ गोळ्यात मालाच्या मोजणीचे खडे भरून ठेवायचे. गोळा न फोडता आतलं कळावं म्हणून तेच खडे वरून ओल्या मातीत दाबायचे. पुढे खडे गेले, नुसते ठसे राहिले, ठशांच्या रेघा झाल्या. मावशीनं एका जन्मात तेवढी वाट चालली." मग नव्या गाडग्यांपाशी थबकला. "पण हे उलटं कसं? रेघेवरून परत वस्तूवर कोणी येत नाही."

"तुही बस सुटंल," मी म्हणलं.

तो गेल्यावर फळीखाली बसून राह्यलो... तिची रेघ तिच्यासाठी होती. औंदा बी काढाले आपण नसणार, हा ढ माणूस एकटा असणार, हे तिले हिवाळ्यातच समजलं होतं. आणि मले सांगितलं नाही तिनं. मांजर पाळा म्हणे. तो राग माझा गेला नाही, जाऊही नये.

सून म्हणते, दुकानातून पाकिटं आणू, ही मडकी कशाले पाहिजेत? मी तिले फळीजवळ येऊ देल्लं नाही.

मांजर काही पाळली नाही. एका गाडग्यावरचं बी उंदरानं नेलंच. पण त्याची जागा राह्यली मातीत, खोल, वालाएवढी, आणि भोवती शेवंताच्या अंगठ्याचा ठसा. बी काढाचं तर लिंपण फोडा लागते.

आज सकाळी ते गाडगं पालथं मांडीवर घेतलं आणि बुडाकडून फोडलं. वालच निघाले.