अंदाज बरोबर आला तेव्हा

२००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत जुनाच अध्यक्ष पुन्हा निवडून आला आणि कोलोनजवळच्या आमच्या कारखान्यात माझी बढती बुडाली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं लोक विचारतात. मी सांगायला लागतो आणि मध्येच कंटाळतो. आता एकदाचं लिहून टाकतो.

आमचा कारखाना पंपांचा. मी खरेदी खात्यात होतो. पंपांना लागणारी कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, विकत घेणं हे माझं काम. सुरुवात कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरण्यापासून झालेली. डिप्लोमा नोकरी सांभाळून केला. कार्ल्सरूहेला डॉक्टरेट करणारी आपली मराठी मुलं घरी जेवायला आली की आदराने विचारायची, "काका, तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हणायचो, भट्टीवर. मुलं हसायची. त्यांना वाटायचं मी विनोद करतोय. पण भाव पाडण्यात माझा हात धरणारा त्या कारखान्यात कोणी नव्हता, आणि हे मी सोडून इतरही म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडातला एक कारखाना आमच्यात विलीन झाला होता आणि तिथले दोघे आमच्या मजल्यावर येऊन बसले होते. एक पन्नाशी उलटलेला, उंच, कमी बोलणारा गृहस्थ. तो तिकडच्या खरेदीचा प्रमुख. दुसरी, करार तपासणारी पस्तिशीची बाई. हुशार होती, पण बोलायला लागली की थांबत नसे. आमचा जर्मन साहेब वर्षअखेरीला निवृत्त होणार होता. त्याच्या जागी दोन्ही कारखान्यांची कास्टिंगं बघायला एकच माणूस नेमायचा होता. साहेबाने मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, "जागा तुमची. फक्त इंग्रजांनी हो म्हणायला हवं."

ऑक्टोबरात त्या बाईने ऑफिसच्या चहाच्या खोलीत, फ्रिजवर एक कागद लावला. जर्मन ऑफिसात फुटबॉलच्या मोसमात असे कागद लागतातच. कोण जिंकणार ते लिहायचं आणि ज्यांचं चुकेल त्यांनी केक आणायचा. हा कागद अमेरिकेच्या निवडणुकीचा होता. अख्ख्या मजल्याने आव्हान देणाऱ्याच्या नावाखाली सह्या केल्या. मी एकट्याने अध्यक्षाच्या नावाखाली केली.

मला कारण होतं. ओहायोतल्या एका फाउंड्रीवाल्याशी मी दर गुरुवारी फोनवर बोलत असे. अर्धा तास भावावरून भांडायचं आणि दहा मिनिटं इकडचं तिकडचं. इकडचं तिकडचं बोलतानाच माणूस कळतो. त्याला अध्यक्षाबद्दल फारसं प्रेम नव्हतं. पण तो एकदा म्हणाला, "बाप कसाही असला तरी शेजारी येऊन बापाला शिव्या द्यायला लागले की आम्ही बापाच्या बाजूने." मी फोन ठेवला, चहाच्या खोलीत गेलो आणि सही केली.

तिथेच मी चुकलो. धंद्यात अंदाज म्हणजे नुसता अंदाज असतो. पोलाद महागणार असं मी लिहितो, म्हणजे ते महाग व्हावं म्हणून मी नवस बोललेलो नसतो. इंग्रजांचं तसं नव्हतं. त्यांना त्या निवडणुकीत मत नव्हतं, म्हणून त्यांनी ते फ्रिजवर देऊन टाकलं होतं. त्यांच्या लेखी माझी सही हे माझं मत होतं.

एकदा बाई माझ्या टेबलाशी आली. "गुरुवारी तुम्ही ओहायोला बोलता ना? सहज एक शब्द टाका की."

"कसला शब्द?"

"की बाहेरच्या जगाला त्यांच्याबद्दल काय वाटतं."

"अहो, मी त्याचा भाव खाली आणायला फोन करतो. त्याचा अध्यक्ष खाली आणायला नाही."

ती हसली, पण ओठांनीच.

निकाल लागला त्या सकाळी मजल्यावर सुतक होतं. जर्मन लोक खांदे उडवून कामाला लागले. आपलं म्हणणं एकदा सांगितलं की त्यांना पुरतं. चहाच्या खोलीत मात्र दोघे इंग्रज उभे होते. गृहस्थ चहाचा मग हातात धरून खिडकीबाहेर बघत होता. बाई बोलत होती. त्या देशात शाळा तरी आहेत का, आमच्या पंतप्रधानाला त्यांच्यापुढे आता आणखी शेपूट हलवावी लागणार, रेडिओवर सगळे हेच म्हणतायत, वगैरे.

मला बघून ती म्हणाली, "ओहायोनेच निवडून आणलं त्याला. तुमच्या ओहायोने."

"माझं कधीपासून झालं ते?"

"तुम्ही एक शब्द टाकला असता तर?"

"एका फाउंड्रीवाल्याच्या एका मताने अध्यक्ष पडला असता?"

"मुद्दा तो नाही."

गृहस्थ खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, "अजून चार वर्षं." मग वळून अगदी सभ्य आवाजात मला म्हणाला, "तुम्ही खूश असाल."

खरं तर मी खूश नव्हतो. मला मत असतं तर मीही त्यांच्याच माणसाला दिलं असतं. पण काय व्हावं असं मला वाटतं हे त्या मजल्यावर दोन वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं. मला फक्त भाव विचारायचे. ते डोक्यात गेलं.

"हो," मी म्हणालो. "केक कोण आणतंय?"

बाई म्हणाली, "हा थट्टेचा विषय नाही. मतं देणार ते, परिणाम भोगणार सगळं जग, आणि आपल्याला विचारतंय कोण? अपमान आहे हा."

"मतं लंडनला पडायची आणि परिणाम कोल्हापूरला भोगायचे," मी म्हणालो. "दीडशे वर्षं. तेव्हा तुमच्यापैकी कोणाचा चहा कडू झाला होता का?"

गृहस्थाने हातातला मग विसळला, जागेवर ठेवला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पण कोल्हापूर तर संस्थान होतं."

"वाक्य चांगलं जमलं होतं."

"वाक्यं छान जमतात तुमची. त्यांना सांगायचं नाही का, की मलाही वाईट वाटतंय?"

"विचारलं कोणी?"

तिने मान हलवली. मुलगी गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, "श्टिम्ट, मामा." जर्मनमध्ये मामा म्हणजे आई; आईचं बरोबर आहे, असं. आमच्या घरात माझ्याविरुद्धचे निकाल जर्मनमध्येच लागतात.

पुढचे तीन आठवडे नेमणुकीचा कागद हलला नाही. शेवटी साहेबाने मला खोलीत बोलावून दार लावलं.

"इंग्रजांकडून अडलंय," तो म्हणाला. "इतक्या वेगळ्या विचारांच्या माणसाबरोबर काम कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं आहे."

"विचार कसले? अंदाज होता तो!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. मला माहीत आहे. मग तेवढंच त्या खरेदीप्रमुखाला जाऊन सांगा. निकालाचं तुम्हालाही वाईट वाटलं म्हणावं. दोन वाक्यांचं काम आहे. कागद उद्या सही होऊन येईल." मग म्हणाला, "त्याचा मुलगा सैन्यात आहे. सप्टेंबरपासून इराकच्या युद्धावर, बसऱ्याला. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसत होता. ओहायोवाल्याच्या नातीचं वय मला ठाऊक होतं. झेक पुरवठादाराचा कुठला गुडघा दुखतो तेही ठाऊक होतं. भाव करताना अशा गोष्टी उपयोगी पडतात. या माणसाकडून मला काही विकत घ्यायचं नव्हतं, म्हणून मी कधी काही विचारलं नव्हतं. आणि मला कोणी काही विचारत नाही, याचा राग मी मात्र रोज सोबत घेऊन फिरत होतो.

मी तडक त्याच्या टेबलाशी गेलो. दोन्ही वाक्यं तयार होती. तो कसली तरी यादी तपासत होता.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "बरा आहे. रविवारी फोन आला होता. तिकडे रात्री थंडी पडायला लागली म्हणाला."

"असं."

"मोजे पाठवलेत त्याच्या आईने."

आता बोलायचं होतं. अंदाज वेगळा, इच्छा वेगळी, मलाही वाईट वाटलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण मी आयुष्यभर सौदे केलेत. माल टेबलावर कधी ठेवतात ते मला कळतं, आणि समोरच्यालाही कळतं. मुलाची चौकशी करून लगेच ते बोललो असतो तर मोज्यांच्या शेजारी माझी बढती मांडल्यासारखं झालं असतं. तो माझ्याकडे बघत वाट पाहत होता. बहुधा त्यालाही माहीत होतं की मी का आलोय.

"तब्येत सांभाळायला सांगा त्याला," मी म्हणालो.

"सांगतो. थँक यू."

मी जागेवर येऊन बसलो. त्या आठवड्याच्या शेवटी साहेबाने पुन्हा विचारलं, बोललात का? मी म्हटलं, बोललो, पण ते नाही. त्याने एक उसासा टाकला. डिसेंबरात ती जागा करारवाल्या बाईला गेली. तिला कास्टिंगमध्ये राहिलेला हवेचा फुगा हात फिरवून ओळखता येत नाही. ते शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

त्या संध्याकाळी बायको पोळ्या करत होती. माझा चेहरा बघून तिने गॅस बारीक केला.

"गेली का जागा?"

"गेली."

"त्या दिवशी त्याच्यापर्यंत गेला होतात, तर दोन शब्द बोलायला काय झालं होतं?"

"त्याच्या पोराचं ऐकल्यावर नाही बोलता आलं."

तिने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, "मग कुरकुर करायची नाही आता."

"ती करणारच," मी म्हटलं. "जागा माझीच होती."

"बरं, करा. आधी हात धुऊन या."