मनकर्णाबाईचं न उडालेलं विमान

सिंदेवाहीच्या बुरुड मोहल्ल्यात मनकर्णाबाईच्या हातचं सूप हवं असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवावं लागे. तिच्या सुपात तांदूळ पाखडला की कोंडा सरळ पुढे उडे आणि कणी मागे राही. बायका म्हणत, "या बाईच्या सुपाले डोळे हायेत." ती स्वतः असलं काही बोलत नसे. सकाळी चहा झाला की मांडीवर पोतं टाकायची, कत्ती हातात घ्यायची आणि बांबूच्या कामट्या काढत बसायची. तिच्या कामट्या इतक्या पातळ निघत की पलीकडचा उजेड दिसे.

शाळा तिने चौथीपर्यंत पाहिलेली. पण एक शिक्षण तिला वनखात्याच्या बांबू डेपोवर मिळालं होतं. बुरुडांना कार्डावर बांबू मिळतो, तो कधी वेळेवर येई, कधी नाही. तरुणपणी ती चार-चार दिवस हेलपाटे घालून परत यायची. मग एकदा तिने खिडकीतल्या बाबूला शांतपणे सांगितलं, "बांबू नाई ना साहेब? हरकत नाई. तेवढं नाई म्हनून लिहून द्या." बाबूने तिच्याकडे पाहिलं, आत गेला आणि कुठूनसे चाळीस बांबू निघाले. तेव्हापासून ती कुणाशी भांडत नसे. लिहून मागायची.

२००३ च्या डिसेंबरात भाताच्या संशोधन केंद्रावर शेतकरी मेळावा भरला. मनकर्णा आपली सुपं, टोपल्या घेऊन तिथे बसली होती. दिल्लीच्या एका संस्थेच्या बाई आल्या, एक सूप उचललं, उलटंपालटं केलं आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या. अर्धा तास तिचे हात पाहत राहिल्या. पंधरा दिवसांनी पत्र आलं. जानेवारीत दिल्लीला हस्तकलेचा मेळा, सात दिवसांचा. मनकर्णाच्या नावाचा गाळा. पहिल्या दोन दिवसांत मोठमोठे खरेदीदार येणार, त्यांच्यासमोर तिने सूप विणून दाखवायचं. सोबत चंद्रपूरच्या एजंटाकडून काढलेली विमानाची दोन तिकिटं होती, नागपूर ते दिल्ली. एक तिचं, एक सोबतीचं.

सोबतीला सून उर्वशी जायचं ठरलं. ती दहावी झालेली, इंग्रजी अक्षरं लावून वाचायची.

नवरा इतवारी बाजेवर बसून हे सगळं ऐकत होता. म्हणाला, "विमानात बांबू नेतेस? त्याइले वाटन, विमान पडाच्या आधीच बुढी उतराची शिडी बांधून राह्यली."

"तू घरी राहून कोंबड्या पाह्य," मनकर्णा म्हणाली.

विणायला बांबू ओला लागतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिने ताजा बांबू आणवला, फोडला, कामट्या काढल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. तिचा हिशेब असा : उद्या सकाळचं विमान, दुपारी दिल्ली, परवा मेळा. तेवढा ओलावा टिकतो.

नागपूरच्या विमानतळावर दोघी सकाळी आठलाच पोचल्या. विमान दहाचं होतं. दहाला सांगितलं, एक वाजता. एकला सांगितलं, चार. बसलेले लोक आधी चिडले, मग थकले, मग घरून आणलेले डबे उघडायला लागले. दोघींनी सकाळीच भाकरी खाऊन टाकली होती, कारण विमानात जेवण देतात असं उर्वशीला कुणीतरी सांगितलेलं. तिथला चहा तीस रुपयांचा होता. एक घेतला, दोघींनी अर्धा-अर्धा केला. मध्ये दोनदा मनकर्णाने नळावर जाऊन ओंजळीने पाणी आणलं आणि गोणपाटावर शिंपडलं. सफाईवाल्या बाईने पाहिलं आणि सांडलेलं पुसून पुढे गेली.

साडेपाचला विमान रद्द झालं. त्याआधी तासभर दुसऱ्या एका कंपनीचं दिल्लीचं विमान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडालं होतं. लोक खिडकीवर तुटून पडले. टाय लावलेला एक पोरसवदा माणूस सगळ्यांना एकच सांगत होता : पुढची जागा तीन दिवसांनी, नाहीतर पैसे परत.

गर्दी ओसरल्यावर मनकर्णा खिडकीशी गेली.

"भाऊ, विमान काऊन नाई गेलं?"

"रद्द झालं, मावशी."

"ते समजलं. काऊन झालं, ते या तिकिटावर लिहून द्या."

"असं लिहून देत नसतात."

"बरं. मंग मी इथीच बसतो." आणि ती खरोखर खिडकीखाली फरशीवर बसली, कामट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. राग नाही, आरडाओरडा नाही. दहा मिनिटांनी त्या माणसाने वाकून खाली पाहिलं. तिने वर पाहिलं. शेवटी त्याने हात पुढे केला, तिकिटाच्या मागे दोन ओळी खरडल्या, सही केली, शिक्का मारला. उर्वशीने अक्षरं लावली. 'ऑपरेशनल' कारणामुळे विमान रद्द, असं होतं.

"म्हंजे काय वं?"

"म्हंजे त्याइच्या कामाच्या अडचणीमुळं," उर्वशी म्हणाली.

त्या दिवशीच्या रेल्वेत गाठोडी घेऊन शिरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी जनरलच्या डब्यात दाराजवळ बसून निघाल्या. दिल्लीच्या अलीकडे मात्र खरंच धुकं लागलं आणि गाडी शेतात तासन्‌तास उभी राहिली. मेळ्याच्या मैदानावर पोचल्या तेव्हा मेळ्याचा दुसरा दिवस अर्ध्याहून अधिक सरला होता. तिच्या नावाचा गाळा दुसऱ्या कुणाला दिला होता. त्यांचं तरी काय चुकलं, दोन दिवस रिकामा कोण ठेवणार? संस्थेच्या बाई धावत आल्या. शेवटचा खरेदीदारांचा घोळका अजून थांबला होता, त्यांच्यासमोर त्यांनी मनकर्णाला चटईवर बसवलं.

तिने गोणपाट सोडलं. हाताला कळलंच. तरी तिने कामटी घेतली, वळवली, आणि ती कट्‌कन मोडली. दुसरी मोडली. तिसरीही. कोट घातलेले एक गृहस्थ हसले नाहीत, उलट सौजन्याने घड्याळाकडे पाहून पुढे गेले. मनकर्णाला तेच जास्त लागलं. पंचेचाळीस वर्षांच्या कामात इतक्या लोकांसमोर तिच्या हातून कामटी मोडली नव्हती.

उरलेले दिवस तिला आसामच्या एका कारागिराने आपल्या गाळ्यात अर्धी जागा दिली. त्याची भाषा हिला कळेना, हिची त्याला कळेना. त्याने आपला बांबू पुढे सरकवला, तिने कत्ती काढली. सुपं, टोपल्या मिळून थोड्याफार विकल्या गेल्या. मोठी मागणी मात्र कुणी नोंदवली नाही.

घरी आल्यावर इतवारी म्हणाला, "विमान उडलं नाई तं नाई उडलं. आपून पडलो तं नाई ना?"

ती हसली. पण दुसऱ्याच दिवशी ती तहसिलीसमोर वाजिदभाऊच्या टायपिंगच्या दुकानात गेली. वाजिद शेख वीस वर्षं तालुक्याचे अर्ज टाइप करत होता. सातबारा, जातीचे दाखले, वारसाच्या नोंदी. विमानाचा अर्ज त्याच्याकडे पहिल्यांदाच आला. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कंपनीला एक पत्र ठोकलं : नुकसान झालं, भरपाई द्यावी.

महिन्याभराने उत्तर आलं. गुळगुळीत कागद, वर उडत्या पक्ष्याचं चित्र. वाजिदने वाचून सांगितलं, "म्हन्ते, दिल्लीत दाट धुकं होतं, म्हनून विमान रद्द. निसर्गाच्या पुढं इलाज नाई. माफी मागते."

मनकर्णा म्हणाली, "धुकं होतं, वाजिदभाऊ. पन ते मी रेल्वेतून पाह्यलं, दोन दिवसांनंतर. विमानाच्या दिवशीचं धुकं कुठचं? दुसरं विमान तं गेलं ना." आणि कनवटीतून तिकीट काढून तिने ते उलटं करून टेबलावर ठेवलं.

वाजिदने ते उजेडात धरलं. मग टाइपरायटरमधला दुसऱ्याचा अर्धा कागद काढून बाजूला ठेवला. "बाई, चंद्रपूरले ग्राहक मंच हाय. वकील लागत नाई. साध्या कागदावर तक्रार चालते. लेकिन एक बात, टायपिंगचे पैसे मी सोडणार नाई. ओळख ओळखीच्या जागी."

"सोडू नका," ती म्हणाली. "मीबी सुपाचे सोडत नाई."

तक्रार पाच पानांची झाली. वाजिदने पंचवीस हजार मागायला लावले. तिला तो आकडा फार वाटला. "इतके दिले तर बरंच हाय," ती म्हणाली, "पन माझं म्हननं येवढंच, खोटं काऊन लिहिलं?"

मग तारखा सुरू झाल्या. सकाळच्या गाडीने चंद्रपूरचं चांदा फोर्ट स्टेशन, तिथून पायी मंचाचं ऑफिस. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी आलं नाही, दुसऱ्या तारखेला वकिलाने मुदत मागितली. सासू-सून जाताना पाच-सहा सुपं घेऊन जात आणि तिथल्या बाजारात विकून भाड्याचे पैसे सोडवत. उर्वशी कधी वैतागे. मनकर्णा म्हणे, "सूप तं विकलं ना? मंग वाया काय गेलं?"

चौथ्या तारखेला सुनावणी झाली. टेबलामागे अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यातल्या एक बाई. कंपनीचे वकील नागपूरहून आलेले, मऊ बोलणारे. त्यांनी तीन गोष्टी मांडल्या. ही तक्रार चंद्रपुरात चालत नाही, कारण विमान नागपूरचं. दुसरं, धुक्याला कंपनी जबाबदार नाही. आणि तिसरं, या बाईंनी तिकिटाचा एक पैसाही भरलेला नाही, संस्थेने भरला, तेव्हा त्या ग्राहकच नाहीत.

अध्यक्षांनी मनकर्णाकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

ती उभी राहिली. "साहेब, तिकिटाचे पैसे कोनीबी देवो. विमानात बसाचं कोन होतं? मीच ना? लग्नातल्या जेवनाचे पैसे नवरीचा बाप देते. पन अन्न खराब निघालं तं पोट पाव्हन्याचंच दुखते."

सदस्यबाई हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग तिकीट मागवून मागची ओळ वाचली. "वकीलसाहेब, धुकं होतं तर तुमच्या माणसाने धुकं का नाही लिहिलं? आणि त्याच संध्याकाळी दुसरं विमान कसं गेलं?" वकिलांनी फाइल चाळली.

"नुकसान काय झालं?" सदस्यबाईंनी विचारलं. "दोन दिवस उशीर झाला, हे समजलं. पण नुकसान?"

मनकर्णाने पिशवीतून दोन कामट्या काढल्या. एक सकाळीच काढलेली, एक तीन दिवसांची. ओली कामटी तिने बोटाभोवती अंगठीसारखी गुंडाळून दाखवली. वाळलेली वाकवली तशी ती मोडली. "हे नुकसान, बाई. दिल्लीत साऱ्या लोकांसमोर असं झालं. त्याइले वाटलं, या बाईले काम येत नाई." तिने मोडलेले तुकडे उचलून परत पिशवीत टाकले, टेबल स्वच्छ राहावं म्हणून.

निकाल २००५ च्या फेब्रुवारीत लागला. तिकीट चंद्रपुरातून काढलेलं, तेव्हा तक्रार इथे चालते. पैसे दुसऱ्याने भरले तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारा हा ग्राहकच. धुक्याचा पुरावा नाही. कंपनीच्या सेवेत त्रुटी आहे. मनकर्णाला आठ हजार, उर्वशीला तीन, खर्चाचे एक हजार. पंचवीसचे बारा झाले म्हणून वाजिद हळहळला. मनकर्णाने त्याला एकच जागा तीनदा वाचायला लावली, 'धुक्याचे कारण सिद्ध होत नाही' ही. तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "बस."

कंपनी वर अपिलात जाणार अशी आवई होती, पण गेली नाही. जूनमध्ये ड्राफ्ट आला. उर्वशीने तिच्या वाटणीतून शिलाई मशीन घेतली. मनकर्णाच्या पैशातून इतवारीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्याने पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू इतकी म्हातारी कधी झाली वं?" मोहल्ल्याने हे वर्षभर चघळलं.

पुढे संस्थेच्या बाईंचं पुन्हा पत्र आलं, यावेळी हैदराबादच्या मेळ्याचं. विमानाची तिकिटं पाठवू का, असं विचारलं होतं. मनकर्णाने उर्वशीकडून कार्ड लिहून घेतलं : रेल्वे बरी, बांबू डोळ्यांसमोर राहतो. हैदराबादला ती वेळेवर पोचली आणि चटईवर बसून तिने खरेदीदारांसमोर सूप पूर्ण केलं.

कुणी विमानाच्या खटल्याबद्दल विचारलं तर ती दोन वाक्यांत आटोपायची. दिल्लीबद्दल विचारलं की मात्र खुलायची. त्या आसामच्या माणसाने तिला सहा कोनांची जाळी विणायला शिकवली होती, नुसती बोटं दाखवून. ती जाळी टाकून तिने भाजीच्या टोपल्या करायला घेतल्या, वारा खेळतो म्हणून भाजी दोन दिवस जास्त टिकते. सिंदेवाहीच्या बाजारात भाजीवाल्या बायका अजूनही त्या टोपलीला 'आसामी टोपली' म्हणतात. त्या माणसाचं नाव मनकर्णाला कधीच नीट उच्चारता आलं नाही.