नकली टूल

सुरतेत बमरोलीला आमचा एक गाळा होता. गाळा भाड्याचा, पण आतलं लेथ मशीन आमचं स्वतःचं. माझे मिस्टर आधी एका मिलच्या वर्कशॉपात टर्नर होते. ती मिल बंद पडली तेव्हा त्यांनी दुसरी नोकरी धरली नाही. जुनं मशीन घेतलं आणि आसपासच्या पॉवरलूमवाल्यांना शाफ्ट, बुश, रोलर असली कामं करून द्यायला लागले. लूम थांबला की मालकाचा जीव वर-खाली होतो, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

लेथवर लोखंड कापतं ते टूल. बोटाएवढी पोलादी कांडी आणि तिच्या तोंडाला धार. काही टूलांना ग्राइंडरवर आपणच धार लावायची असते, काहींच्या टोकाला कार्बाइडचा, म्हणजे फार टणक धातूचा, तुकडा आधीच डागलेला असतो. आमची टूलं मुंबईहून यायची. मिलमधला एक जुना सोबती तिकडे जाऊन-येऊन असायचा, तो आणून द्यायचा. मग चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. बमरोलीतले लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले. आम्हीही मुलीला घेऊन धुळ्याला माझ्या माहेरी जाऊन राहिलो. सगळं शांत झाल्यावर परत आलो, पण तो सोबती काही परतला नाही. त्याने गावीच पिठाची गिरणी टाकली असं कळलं.

आता टूलं सुरतेतच शोधायला हवी होती. मिस्टर म्हणाले, "तू जाय."

घरात ते अहिराणीच बोलायचे. मला वाटलं, थट्टा करताहेत.

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"तुले गुजराती येस. मी मशीन सोडीसन गऊ तं काम कोन करी?"

तेही खरंच होतं. मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायचे. माल आणायला-पोचवायला पर्वत पाटियापर्यंत जायचे, व्यापाऱ्यांशी बोलून बोलून गुजराती चांगली झाली होती. एक जुनं टूल फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, हे दाखव आणि असंच माग.

उधना रस्त्यावरच्या पहिल्या दुकानात मी फडकं उलगडलं तेव्हा दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागला. बरोबर कोणी पुरुष आहे का, ते शोधत होता. कोणी नाही म्हटल्यावर त्याने माझ्यामागून आलेल्या दोन गिऱ्हाइकांना आधी माल दिला. मी उभीच. शेवटी टूल दिलं, तेही चुकीचं, डाव्या हाताचं. टूलाला डावा-उजवा हात असतो हे मला तेव्हा कुठे माहीत! घरी आल्यावर मिस्टर हसले, आणि पाटीवर खडूने चित्र काढून त्यांनी मला समजावलं. ती संध्याकाळ मला अजून आठवते, कारण त्यानंतर टूलांवरून आम्ही हसलोय असं फारसं झालं नाही.

पुढच्या वेळी मी बरोबर टूल आणलं. थोड्याच दिवसांत त्याचं टोक उडालं.

"नकली शे," मिस्टर म्हणाले. "दुसरं दुकान दख."

मी दुसरं दुकान पाहिलं. मग स्टेशनकडचं तिसरं. कुठे कार्बाइडचा तुकडा तडकायचा, कुठे टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या लोखंडात, घुसायचं आणि जॉबच वाया जायचा. दर वेळी मिस्टर तुटका तुकडा माझ्यासमोर टाकायचे. सुरतेत सगळा माल नकलीच भरलाय, म्हणायचे. तोपर्यंत हा माणूस कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आता लहानशा गोष्टीवरून चिडायचे, आणि चिडले की हात पाठीमागे बांधून गाळ्याबाहेर जाऊन उभे राहायचे.

मी मात्र त्या फिरण्यात तयार होत गेले. कोणाकडे ड्रिल चांगले, कोण आटे पाडायच्या टॅपमध्ये फसवतो, कोणाकडे हॅक्सॉ ब्लेड गंजलेले असतात, सगळं कळायला लागलं. स्टेशनकडच्या एका दुकानात तर मी तुटकं टूल काउंटरवर आपटलं आणि गुजरातीत असा तोंडाचा पट्टा सोडला की त्याने मुकाट्याने बदलून दिलं. बदललेलंही टिकलं नाही.

असं शोधता शोधता मी भागळच्या पलीकडे एका गल्लीत पोचले. दुकान एवढं अरुंद की आतल्या माणसाला बाहेर यायचं तर गिऱ्हाइकाने आधी बाहेर पडायचं. भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक ड्रिल तेलकट कागदात गुंडाळलेला. दुकानात एक म्हातारे गुजराती काका बसलेले. त्यांनी मागे कोणी पुरुष आहे का ते पाहिलं नाही. मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठलं लोखंड कापता? मशीन केवढं आहे?" इतक्या दुकानांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

त्यांचंही टूल तुटलं. दुसरं नेलं, तेही तुटलं. तेव्हा काका म्हणाले, "पुढच्या वेळी येताना जेवढे तुटके तुकडे असतील तेवढे सगळे घेऊन या."

मी पिशवी भरून नेले. त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक तुकडा भिंगाखाली धरून पाहायला लागले. मग धार लावायच्या टूलांपैकी एक उचलून माझ्यापुढे धरलं.

"याला धार कोण लावतं?"

"आमचे मिस्टर. वीस वर्षं टर्नर आहेत."

"बेन, खोटुं ना लगाडता," वाईट वाटून घेऊ नका, असं ते म्हणाले. "टूल बराबर छे. माझंही बरोबर आहे आणि तुम्ही ज्या ज्या दुकानातून आणलीत त्यांचीही बरीचशी बरोबर आहेत. हे बघा, धार लावली की इथे एकच सपाट तोंड यायला हवं. इथे बारीक बारीक चार-पाच आलीयत. ग्राइंडरवर हात ठरत नाही त्यांचा." मग कार्बाइडचा तुकडा दाखवून म्हणाले, "आणि हे असं हिसक्याने तुटतं. त्यांना डॉक्टरकडे न्या."

मी तुकडे पिशवीत भरले आणि त्यांना काही न बोलता निघाले. रागच आला होता. म्हटलं, आपला माल वाईट निघाला तर हा म्हातारा माझ्या नवऱ्याच्या हाताला दोष देतो.

शटल रिक्षात बसले आणि राग उतरायच्या आधीच एकेक गोष्ट आठवायला लागली. हल्ली ते चहाचा पेला अर्धाच भर म्हणायचे. सायकल सोडून दिली होती, चेन खराब आहे म्हणून. दाढी न्हाव्याकडे करायला लागले होते. शर्टाची बटणं लावताना माझ्याकडे पाठ करायचे. हे सगळं मी पाहिलेलं होतं. घरात बाई सगळं पाहतेच. पण दर वेळी काहीतरी कारण होतं आणि मला ते पटलं होतं.

घरी न जाता मी सरळ गाळ्यावर गेले. मशीन चालू होतं, शेजारच्या लूमचा खडखडाट होताच, त्यामुळे मी आलेली त्यांना कळली नाही. उजव्या हाताने ते चाक फिरवत होते आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट दाबून धरलं होतं. गळ्यावर घाम. टूल जॉबला टेकलं, आणि जसं टेकलं तसं मनगट सुटलं.

त्यांनी मशीन बंद केलं. वळले तर मी दारात.

"काय म्हनना तो म्हतारा?"

"म्हणाला, मशीन जुनं झालंय तुमचं."

त्यांनी जॉबवरून टूल मागे घेतलं. मग स्टुलावर बसले. "खोटं नको बोलू वं," म्हणाले. "माले ठाऊक शे."

"कधीपासून?"

"प्लेगना आधीपासून."

मी पिशवी खाली ठेवली. विचारलं, "मग मला कशाला गावभर दुकानं पालथी घालायला लावलीत?"

त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. माझ्याकडे न बघताच बोलले. "तू नवं टूल लई येस, तवलोंग माले वाटे, टूलच खराब व्हई. तेवढाच धीर."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी मी जमिनीवरचा लोखंडाचा कीस झाडायला लागले. झाडता झाडता रडू आलं. त्यांनी उठून माझ्या हातातला झाडू घेतला आणि स्वतः झाडायला लागले. झाडू त्यांच्या हातात थरथरत होता, ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थोडं कमी होईल, थांबणार नाही, म्हणाले. मिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, "मशीनवर काम जमेल का?" डॉक्टरांनी मशीन कसलं ते विचारलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मशीन घ्यायला चलथाणचा एक माणूस आला. साखर कारखान्याजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, "जरा चालवून दाखवा." मिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन बटण दाबलं. मग त्या माणसानेच काकांकडचं एक नवं टूल लावलं आणि कट घेतला. निळसर कीस न तुटता, सलग, लांबच लांब निघत गेला. मिस्टर वाकून पाहत होते. "भारी शे टूल," ते हळूच म्हणाले. चलथाणवाल्याला वाटलं ते मशीनची तारीफ करताहेत. तो म्हणाला, "मशीनही छान ठेवलंय तुम्ही."

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी ते सकाळपासून एकटेच रॉकेल घेऊन मशीन पुसत बसले होते. मी मदतीला गेले तर नको म्हणाले. दुपारी डबा घेऊन गेले तेव्हाही पुसतच होते.

पुढे घर कसं चालवायचं हा प्रश्न होता. साड्यांच्या टिकल्यांवर भागणारं नव्हतं. मी पुन्हा भागळला काकांकडे गेले, त्या दिवशी न बोलता निघून गेल्याबद्दल बोलायला. त्यांनी ते बोलूच दिलं नाही. म्हणाले, "बमरोलीत, पांडेसऱ्यात किती लेथवाले आहेत? सगळ्यांना टूलासाठी दिवस मोडून शहरात यावं लागतं. तुम्हाला दुकानं माहीत आहेत, माल ओळखता येतो. तुम्हीच पोचवा की." तसं मी खांद्याला पिशवी अडकवून गाळोगाळी ड्रिल, टॅप, टूल द्यायला लागले. सुरुवातीला लोक हसले. मग वाट बघायला लागले.

मिस्टरांना मी रोज विचारायचे, अमक्या कामाला कुठलं टूल देऊ. सुरुवातीला ते तासभर सांगायचे. मग थोडंच सांगायचे. आजाराने आवाज इतका बारीक केला की कान तोंडाशी न्यावा लागे. शेवटच्या वर्षी मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांना हसायचं होतं, पण चेहरा हलला नाही. तिला ते कळलं, तिने त्यांचा हात धरून ठेवला. दशक सरता सरता, एका उन्हाळ्यात ते गेले. दीर म्हणाले, गावी नेऊ. मी म्हटलं, नको, त्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं, इथेच तापीकाठी होऊ दे.

दिवस-कार्य झाल्यावर मी पिशवी घेऊन निघाले. घरात बसवत नव्हतं आणि एका गाळ्याला ड्रिल द्यायचे राहिले होते. तो लेथवाला माझ्याच वयाचा, विदर्भाकडचा, कमी बोलणारा. मला पाहून त्याने मशीन बंद केलं. हात पुसले, पुन्हा पुसले. मिस्टर गेल्याचं त्याला कळलं होतं.

"वहिनी, चहा घ्याल?" शेवटी त्याने विचारलं.

मी हो म्हटलं आणि स्टुलावर बसले.